चिखलाची उंची आणि समुद्राची पातळी

सोलापूर स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचून भूशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्राची पातळी जर सतत बदलत आली असेल, तर मोजणीची साधने नव्हती त्या काळातली, म्हणजे हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची पातळी किनाऱ्यावरच्या दलदलीतल्या चिखलावरून सेंटीमीटरच्या भाषेत कशी सांगतात, ती कितपत खरी मानावी, आणि समुद्रापासून २५० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आपल्या गावात बसून या विषयात काही काम करता येईल का?

आधी पाटीविषयी, कारण तिच्यातच निम्मा प्रश्न दडला आहे. सोलापूरची सुमारे ४५० मीटर उंची आज सकाळच्या समुद्रापासून कोणी मोजलेली नाही. कराची आणि मुंबईचे अपोलो बंदर यांच्यासह नऊ बंदरांवर घेतलेल्या अनेक वर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींची सरासरी काढून भारतीय सर्वेक्षण विभागाने एक शून्य ठरवले आणि तेथून देशभर लेव्हलिंगच्या, म्हणजे एका बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंत उंचीचा फरक मोजत जाण्याच्या, साखळ्या नेल्या. १९०९ साली आकाराला आलेले ते जाळे पुढे आपल्याकडच्या उंचीच्या आकड्यांचा पाया ठरले. म्हणजे ज्याला आपण समुद्रसपाटी म्हणतो ती ठरावीक बंदरांवर ठरावीक काळात काढलेली सरासरी आहे, आणि ती दगडावर कोरली गेल्यानंतर समुद्र मात्र जागच्या जागी राहिलेला नाही.

तो किती हलला हे सांगणारी यंत्रे फार मागे जात नाहीत. अपोलो बंदरावरची नोंद १८७८ पासूनची आहे आणि हिंद महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. युरोपात ॲमस्टरडॅमची नोंद १७०० पर्यंत मागे जाते, पण ती अपवादच. उपग्रहांवरून समुद्राचा पृष्ठभाग सलगपणे मोजला जाऊ लागला तो १९९३ पासून. त्याआधीच्या काळासाठी निसर्गानेच ठेवलेली एखादी मोजपट्टी शोधावी लागते, आणि समशीतोष्ण किनाऱ्यांवरच्या खाऱ्या दलदली ही अशा मोजपट्ट्यांपैकी सर्वांत बारीक खुणांची पट्टी आहे.

या पद्धतीविषयी सर्वाधिक गैरसमज एकाच जागी होतो. जुन्या गाळाचा थर आज ज्या उंचीवर सापडतो ती उंची म्हणजे जुन्या समुद्राची पातळी, असे पुष्कळजण धरून चालतात. तसे नसते. त्या थरातले जीव जिवंत असताना तेव्हाच्या समुद्रपातळीपेक्षा किती उंचीवर राहत होते, हे कळल्याशिवाय थराच्या उंचीला काहीही अर्थ नसतो. सगळी विद्या त्या अंतराच्या मोजणीत आहे. बाकी खणणे, गाळणे, मोजणे हे तिच्या पोटातले कष्ट.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावणे मला कधी अवघड गेले नाही, कारण आपण उजनी पाहिलेली असते. फेब्रुवारीनंतर जलाशयाचे पाणी मागे सरकू लागते, शेतकरी उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात, आणि काठाने चालत गेले तर दिसते की पाण्यालगत नुसता ओला चिखल आहे, त्याच्या वर कोवळ्या लव्हाळ्याचा पट्टा आहे, त्याहून वर जुने, जून झालेले गवत आहे आणि सर्वांत वर बाभळीची रेघ आहे. प्रत्येक पट्टा किती दिवस पाण्याखाली होता त्यावर तेथे काय उगवले हे ठरते. आता कल्पना करा की कोणी डोळे बांधून तुम्हाला त्या उतारावर नेऊन सोडले आणि फक्त पायाखालचे मूठभर गवत हातात दिले, तर पाणी तुमच्यापासून साधारण किती खाली आहे हे तुम्ही सांगू शकाल. खाऱ्या दलदलीत नेमके हेच करायचे असते. फरक इतकाच की तेथे पाणी वर्षातून एकदा नव्हे तर दिवसातून दोनदा चढते-उतरते, उधाणाला अधिक आणि भांगाला कमी, आणि पट्टे मीटरांचे नसून सेंटीमीटरांचे असतात.

खारी दलदल भरतीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात असते. तिची खालची कड सरासरी समुद्रपातळीच्या थोडी वर आणि वरची कड वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपाशी असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे पट्टे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात: खाली रोज बुडणारे उंच स्पार्टिना आल्टर्निफ्लोरा, वर फक्त मोठ्या भरतीला भिजणारे, भोवरा पडल्यासारखे आडवे झोपलेले स्पार्टिना पेटन्स. दोन्ही गवते मेल्यावर त्यांची मुळे आणि खोडे गाळात अडकून राहतात, वरून नवा गाळ बसतो, आणि समुद्र हळूहळू चढत असेल तर दलदलही त्याच्याबरोबर उंच होत जाते. म्हणूनच तेथे दोन-तीन मीटर खोलीत हजार-दोन हजार वर्षांचा सलग इतिहास मिळू शकतो. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक असे थर लागतात, पण ते वरून खाली कुजत गेलेल्या एकाच खडकाचे टप्पे आहेत. दलदलीतले थर मात्र खालून वर, वर्षागणिक रचले गेलेले असतात.

गवताच्या मुळांपेक्षा बारीक खूण फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची. यांच्या काही जाती वाळूचे आणि मातीचे कण सेंद्रिय चिकट द्रव्याने सांधून कवच बांधतात, कुंभारमाशी मातीचे घर बांधते तसे. चुनखडीचे कवच दलदलीच्या आंबट चिखलात विरघळून जाते, हे कणांचे कवच मात्र हजारो वर्षे टिकते. डेव्हिड स्कॉट आणि फ्रँको मेडिओली यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की या जातींचे उभे पट्टे गवताच्या पट्ट्यांहून अधिक काटेकोर असतात, आणि वरच्या उधाणरेषेजवळ तर जवळजवळ एकच जात उरते. आज या विषयात जे काही सेंटीमीटरचे दावे होतात ते त्या निरीक्षणावर उभे आहेत.

प्रत्यक्षात हे काम कसे दिसते ते सांगतो. गाळाचा सेंटीमीटरभर जाडीचा तुकडा घेऊन ५०० आणि ६३ मायक्रॉनच्या चाळण्यांतून पाण्याखाली हलक्या हाताने धुवायचा. वरच्या चाळणीत मुळे राहतात, खालच्या चाळणीतून चिखल वाहून जातो, आणि दोन्हींच्या मध्ये उरते ते चमचाभर तपकिरी द्रव्य बशीत पाण्यातच ठेवून सूक्ष्मदर्शीखाली पाहायचे. वाळवायचे नाही; वाळले की सेंद्रिय धागे पापडासारखे एकमेकांना चिकटतात आणि काहीच वेगळे करता येत नाही. डोळा सरावला की जाती ओळखीच्या माणसांसारख्या दिसू लागतात. ट्रोकामिना इन्फ्लाटा ही फुगीर कप्प्यांची, मधोमध तांबूस होत गेलेली इवलीशी गोगलगाय. जॅडामिना मॅक्रेसेन्स, जिला आता एंट्झिया या प्रजातीत घालतात, तिचे कवच इतके पातळ की कप्पे आत पिचलेले असतात, हवा गेलेल्या चेंडूसारखे. मिलिअमिना फुस्का लांबट, करड्या रंगाची, गव्हाच्या दाण्याच्या घाटाची. पहिली दोन उंच दलदलीची मंडळी, तिसरी खालच्या, वारंवार बुडणाऱ्या भागातली. एका नमुन्यात साधारण २०० कवचे मोजतात, आणि बारीक कुंचल्याने ती एकेक करून बाजूला सारताना सकाळची दुपार कशी होते ते समजत नाही. माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांत या कामाला सर्वांत लवकर सरावलेली दोन मुले यंत्रमागाच्या घरांतली होती. चादरीतला तुटलेला धागा शोधणाऱ्या डोळ्याला हे नवीन नव्हते.

आता हिशेब, तोही कल्पित आकड्यांनी. समजा दलदलीचा पृष्ठभाग आजच्या सरासरी समुद्रपातळीच्या १.१० मीटर वर आहे. तेथून ०.८५ मीटर खोलीवरचा नमुना घेतला, म्हणजे नमुन्याची उंची ०.२५ मीटर झाली. त्या नमुन्यातल्या फोरॅमिनिफेरांची सरमिसळ आजच्या दलदलीत सरासरी पातळीच्या ०.९५ मीटर वर सापडणाऱ्या सरमिसळीसारखी आहे. मग तेव्हाची समुद्रपातळी ०.२५ वजा ०.९५, म्हणजे आजच्यापेक्षा ०.७० मीटर खाली होती. नीट पाहा: चिखल आजच्या समुद्रपातळीच्या पाव मीटर वर सापडला, आणि तरीही तो सांगतो आहे की समुद्र पाऊण मीटरच्या आसपास खाली होता. वर ज्या गैरसमजाचा उल्लेख केला तो धरून चालणारा माणूस येथे दिशाच उलटी सांगेल.

‘सारखी आहे’ हे शब्द वरच्या हिशेबात फार स्वस्तात वापरले गेले. ते सिद्ध करण्यासाठी आजच्या दलदलीत खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत रेषा आखून ठिकठिकाणी वरच्या सेंटीमीटरभर थराचे नमुने घ्यावे लागतात, प्रत्येक ठिकाणची उंची लेव्हल या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने काढावी लागते, आणि मग कोणत्या जातींचे कोणते प्रमाण कोणत्या उंचीला आढळते याचे सांख्यिकी सूत्र बसवावे लागते. जातींच्या प्रमाणावरून उंची सांगणाऱ्या या सूत्राला ट्रान्स्फर फंक्शन म्हणतात. अशी सूत्रे आधी खोल समुद्रातल्या गाळावरून जुने तापमान काढण्यासाठी १९७१ च्या सुमारास वापरात आली आणि १९९० च्या दशकाअखेरीस दलदलींत रुजली. माझा अनुभव असा की नवखे संशोधक सूत्राच्या निवडीवर महिने घालवतात आणि आजच्या नमुन्यांच्या संख्येवर एक आठवडा. हे उलटे हवे. जुन्या थरात अशी सरमिसळ निघाली की जी आजच्या एकाही नमुन्यात नाही, तर सूत्र तरीही निमूटपणे एक आकडा देते, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे काहीही कारण नसते. डायॅटम या काचेच्या कवचाच्या शैवालांवरूनही हेच काम होते. त्यांच्या जाती शेकड्यांनी असल्याने बारकावा वाढतो आणि ओळखण्याचे कष्टही.

एक वेगळी खूण मात्र सोलापूरकरांसाठी मुद्दाम सांगतो. स्पार्टिना हे गवत प्रकाशसंश्लेषणाच्या ज्या मार्गाने कार्बन घेते तोच मार्ग मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा आणि आपल्या उसाचा आहे, तर गहू आणि हरभरा दुसऱ्या मार्गाचे. दोन्ही मार्गांच्या वनस्पतींत कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण वेगळे पडते: पहिल्या गटात प्रमाणित मूल्यापेक्षा हजारी १० ते १५ ने कमी, दुसऱ्यात हजारी २४ ते ३० ने कमी. त्यामुळे गाळातल्या कुजलेल्या द्रव्याचे मापन केले की तेथे खारे गवत उभे होते की गोड्या पाण्याच्या काठची झाडे, हे कळते, मुळे ओळखू येईनाशी झाली असली तरीही.

त्रुटींचा हिशेब हा या कामाचा खरा कस आहे. वरच्याच उदाहरणात लेव्हलिंगची २ सेंटीमीटर, कोअर, म्हणजे गाळाचा उभा दंडगोल, काढताना गाळ दबण्या-ताणण्याची ३, नमुन्याच्या जाडीची १ आणि सूत्राची १२ सेंटीमीटर अशी त्रुटी धरली, तर स्वतंत्र त्रुटींची सरळ बेरीज करत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात, आणि उत्तर येते सुमारे १३ सेंटीमीटर. म्हणजे सर्वांत मोठी त्रुटीच जवळजवळ सगळी त्रुटी असते. महागडे उपग्रह-स्थाननिश्चितीचे यंत्र घेऊन २ सेंटीमीटरचे १ केले तर काही हाती लागत नाही. शिवाय ते यंत्र जी उंची दाखवते ती समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या गणिती दीर्घगोलापासूनची असते, आणि महाराष्ट्रात या दोन शून्यांत ५० मीटरहून अधिक अंतर आहे. हे अंतर प्रतिमानावरून वजा केले जाते, पण त्या प्रतिमानाची स्वतःची त्रुटी मोजण्याच्या यादीत धरायला लोक विसरतात.

मात्र स्वस्त उपकरण म्हणजे निर्धोक उपकरण असेही नाही. रत्नागिरीच्या बाजूच्या एका खाडीत आम्ही बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून, लेव्हलिंग करत खाजणाच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो, तेव्हा सुरुवातीच्या बिंदूवर हिशेब ११ सेंटीमीटरने चुकला. आकडेमोड तीनदा तपासली, ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा गेलो तेव्हा कारण डोळ्यांदेखत घडले: पुढचे वाचन घेऊन लेव्हल उचलून नव्या जागी मांडेपर्यंत जी चार-पाच मिनिटे जात, तेवढ्यात स्टाफ, म्हणजे लेव्हलमधून वाचायची उभी मापपट्टी, स्वतःच्या आणि धरणाऱ्या मुलाच्या भाराने चिखलात बोटभर बसत होता, आणि मागचे वाचन त्या बुडालेल्या स्टाफवर घेतले जात होते. प्रत्येक वळणाला थोडे थोडे. तेव्हापासून वळणबिंदूवर स्टाफखाली लोखंडी पाटी ठेवल्याशिवाय मी कोणाला चिखलात लेव्हल लावू दिलेली नाही.

उंची मिळाली की वय हवे. रेडिओकार्बनने, म्हणजे कार्बन-१४ वरून, वय काढण्यासाठी त्या काळच्या पृष्ठभागावरच वाढलेला वनस्पतीचा तुकडा निवडतात. अमेरिकी दलदलींत काही गवतांची जमिनीलगत आडवी पसरणारी खोडे यासाठी आदर्श असतात, कारण ती तेव्हाच्या पृष्ठभागाच्या काही सेंटीमीटरच खाली असतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे असले तरी मोजलेले वय थेट दिनदर्शिकेचे वर्ष नसते, ते वृक्षवलयांवर बेतलेल्या वक्राशी ताडून घ्यावे लागते, आणि साधारण १६५० ते १९५० या काळात तो वक्र इतका नागमोडी आहे की एका मोजणीला तीन-चार वेगवेगळी वर्षे बसतात. दुर्दैवाने समुद्राची चाल बदलली ती नेमकी याच काळात. म्हणून त्या भागासाठी दुसरी साधने लागतात: सुमारे २२ वर्षे अर्धायुष्याचे शिसे-२१०, जे हवेतून सतत पडत राहते आणि शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत वय देते; अणुचाचण्यांमुळे पसरलेले सीझियम-१३७, ज्याचा कळस १९६३ च्या थरात सापडतो; आणि उद्योगधंद्यांच्या धुरातून आलेल्या शिशाच्या चढउताराच्या खुणा. वरच्या उदाहरणातला थर ६०० वर्षांपूर्वीचा आणि वयाची त्रुटी ४० वर्षे धरली, तर पातळी वर्षाला सरासरी १.२ मिलिमीटर चढली असे येते, पण दोन्ही त्रुटी टोकाला नेल्या तर हे मूल्य ०.९ ते १.५ च्या दरम्यान कुठेही असू शकते. एका नमुन्यावरून कोणी याहून नेमका वेग सांगत असेल तर ऐकणाऱ्याने भुवया उंचावाव्यात.

गाळ स्वतःच्या वजनाने दबतो, हाही मोठा घोटाळा आहे. दबलेला थर खाली जातो आणि समुद्र जितका खाली होता त्याहून अधिक खाली दाखवतो. त्यामुळे जुन्या काळासाठी शक्यतो असा थर घेतात जो थेट कठीण तळावर, वाळूवर किंवा खडकावर, बसलेला असतो. त्याच्या खाली दबण्यासारखे काही नसते.

इतक्या सावधगिरीतून काय निघते ते पाहायचे असेल तर अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातल्या सँड पॉइंट आणि टंप पॉइंट या दोन दलदलींवरचे अँड्र्यू केंप आणि सहकाऱ्यांचे २०११ चे काम पाहावे. जमिनीची खचण वजा केल्यावर त्यांना इ.स.पू. १०० ते इ.स. ९५० पर्यंत समुद्र जवळजवळ स्थिर दिसला, मग सुमारे ४०० वर्षे तो वर्षाला ०.६ मिलिमीटरने चढला, पुन्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्थिरावला, आणि त्यानंतर वर्षाला सरासरी २.१ मिलिमीटर हा वेग आला, जो आधीच्या दोन हजार वर्षांतल्या कोणत्याही शतकभराच्या चढीपेक्षा अधिक आहे. उपग्रहांच्या काळातली जागतिक सरासरी तर वर्षाला ३ मिलिमीटरच्याही वर गेली आहे. या दोन जागा इतक्या स्पष्ट बोलल्या याचे एक कारण असे की तेथे भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरहून कमी आहे. पट्टे जितके अरुंद तितके उत्तर नेमके. सूत्राची त्रुटी ढोबळमानाने या फरकाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहते.

‘जमिनीची खचण वजा केल्यावर’ हे वाक्य सहज निसटून जाते, म्हणून थांबतो. दलदल समुद्र आणि जमीन यांच्यातले अंतर सांगते, दोघांपैकी कोण हलले ते नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता, कारण ते पाणी उत्तरेच्या हिमस्तरांत अडकले होते. त्या बर्फाच्या भाराखाली दबलेली जमीन अजून वर येते आहे, स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात तर वर्षाला जवळजवळ सेंटीमीटरभर, आणि तेव्हा बर्फाच्या कडेबाहेर फुगून वर आलेला अमेरिकी पूर्व किनारा आता खाली बसतो आहे. जमीन एका रात्रीतही हलते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर भूशास्त्रज्ञ ब्रायन ॲटवॉटर यांना १९८० च्या दशकात दलदलीची जुनी माती चिखलाखाली एकदम गाडली गेलेली आढळली. वर पुन्हा माती, पुन्हा तसेच गाडणे. प्रत्येक वेळी भूकंपाने किनारा अर्ध्या ते दोन मीटरपर्यंत खचला होता. खाऱ्या पाण्यात उभ्यानेच मेलेल्या रेड सीडर झाडांची शेवटची वलये ऑगस्ट १६९९ ते मे १७०० च्या दरम्यानचा मृत्यू सांगतात, आणि जपानी दप्तरांतल्या, तेथे भूकंप न जाणवता आलेल्या त्सुनामीच्या नोंदीवरून तारीख निश्चित झाली: २६ जानेवारी १७००.

आपल्या किनाऱ्यावर हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. उष्ण कटिबंधात गवताळ दलदलीची जागा बहुतांशी खारफुटी घेते. तिवर, कांदळ, चिप्पी यांचेही पट्टे असतात, पण ढोबळ. त्यांची मुळे खालच्या जुन्या चिखलात नवा कार्बन घेऊन उतरतात, आणि खेकड्यांची बिळे थरांची सरमिसळ करतात. मी स्वतः एकदा खारफुटीच्या चिखलातले तंतू पानांचे देठ समजून वय काढायला पाठवले होते. उत्तर आले ‘आधुनिक’. ती मुळे होती, आणि चूक सर्वस्वी माझी होती. कार्बन-१३ ची ज्वारी-गव्हाची युक्तीही येथे चालत नाही, कारण खारफुटीची झाडे काठावरच्या इतर झाडांच्याच गटातली आहेत. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक ५ मीटरच्या जवळ जातो, त्यामुळे वर सांगितलेल्या दहाव्या हिश्शाने त्रुटी अर्ध्या मीटरवर जाते. भरीस भर म्हणजे खारबंदिस्ती. दलदल सरासरी समुद्रपातळीशी नव्हे, भरतीच्या उंचीशी बांधलेली असते. कोणी खाडीच्या तोंडाशी बांध घातला की आतली भरती बदलते आणि समुद्र तसाच असताना गाळात पातळी बदलल्याचा भास उमटतो.

तरी खुणा आहेत. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या खाली खैराच्या झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे सापडले. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. त्यामुळे झाडे जिवंत असताना समुद्र त्या मुळांच्या खाली होता एवढे निश्चित. पण किती खाली, आणि नंतर समुद्र चढला की जमीन खचली, हे बुंधा सांगत नाही. अशा पुराव्याला आम्ही मर्यादाबिंदू म्हणतो: तो एका बाजूची सीमा देतो, अंतर देत नाही. कोकणातल्या जुन्या पुराव्यांपैकी बराचसा या जातीचा आहे, आणि म्हणूनच तेथे जांभ्यावर थेट बसलेल्या खाजणाच्या तळथरांवर कोणी चिकाटीने काम केले तर ते मोलाचे ठरेल असे मला वाटते.

आता सोलापूरचे. कोअर काढायला जेमतेम आठवडा लागतो. उरलेले वर्ष-दीड वर्ष सूक्ष्मदर्शीसमोर आणि संगणकासमोर जाते, आणि ते दोन्ही येथे आहेत. घट्ट गुंडाळलेला कोअर साध्या शीतकपाटात राहतो, गोठवायचा मात्र नाही, बर्फाने थर फाटतात. सांख्यिकीसाठी लागणारी आज्ञावली फुकट मिळते. पण त्याआधी तुम्ही उजनीला जा. मार्चमध्ये गाळपेरीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत एक रेषा आखा, दर २० सेंटीमीटर उंचीच्या फरकाला एक खुंटी ठोका, प्रत्येक खुंटीपाशी गवताची नोंद करा आणि डायॅटमसाठी वरचा सेंटीमीटरभर गाळ डबीत घ्या. मग मैत्रिणीला उंचीच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या चार डब्या द्यायला सांगा आणि त्या कोणत्या उंचीच्या ते डायॅटमवरून ओळखा. धरणातल्या पाण्याच्या पातळीची नोंद ठेवली जाते, त्यामुळे तुमचे उत्तर किती चुकले ते ताबडतोब ताडून पाहता येईल. समुद्रकाठी ही सोय कोणालाच मिळत नाही. त्यानंतर एखाद्या अमावास्येच्या ओहोटीला कोकणात जाऊ. लेव्हल माझी आहे. स्टाफखालची लोखंडी पाटी तेवढी एखाद्या लोहाराकडून हातभर साखळी लावून करून घ्या, म्हणजे चिखलातून उपसता येईल.